नाना, चौथा प्लग राहिला

नाना, दहा-अकराचा पाना कुठे ठेवलात?

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. तेरावा झाला, पाहुणे गेले, मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या, आणि काल शनिवारची सकाळची शाळा करून आल्यावर मी तुमची हत्यारांची पेटी उघडून अंगणात बसले. पेटीत सगळं आहे. आठ-नऊ आहे, बारा-तेरा आहे, चौदा-पंधरा तर दोन आहेत. स्कूटर विकून पंधरा वर्षं झाली तरी तिचा प्लग पाना तुम्ही फडक्यात गुंडाळून ठेवलाय. फक्त दहा-अकरा नाही. तुमच्या मुलाला विचारलं, तर संजय मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "विकून टाकू गं ती गाडी." मी पाना विचारला होता.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. सून सासऱ्यावर एवढी चिडलीय, तेही तो गेल्यावर, हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

दशक्रियेला तुमच्यावर भाषणं झाली. आपल्या भागात दशक्रिया म्हटली की माईक आलाच. एका पुढाऱ्याला तुमचं नाव चिठ्ठीत बघावं लागलं, आणि मग त्यानं तुम्हाला 'कष्टाळू शेतकरी' म्हटलं. तुम्ही उभी हयात भिंगारला, छावणीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून काढलीत. शेतावर गेलात तरी भावाच्या पंपाची मोटार खोलून बसायचात. दुसरा एक जण तुम्हाला अजातशत्रू म्हणाला. स्पेअर पार्टवाल्याशी, गॅस सिलिंडरवाल्याशी आणि माझ्याशी रोज न चुकता भांडणारा माणूस अजातशत्रू! मग पिंड ठेवला, आणि कावळा लगेच शिवला. दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "नानांचं काय बी मागं राहिलं न्हाई. समाधानानं गेले," असं तुमच्या चुलतभावानं जाहीर करून टाकलं आणि लोक चपला शोधायला लागले. मला त्या कावळ्याचा असा संताप आला. राहिलं होतं, नाना. दिवाळीनंतरच्या रविवारी मी तुम्हाला चारचौघांत एक वाक्य बोलले होते आणि ते परत घ्यायचं राहिलं होतं. तुम्हालाही ते ठाऊक होतं. तरी इतक्या घाईनं घास उचलला गेला. तुम्ही त्याला तसं सांगितलंत, की तो आपला भुकेला होता?

त्या वाक्यापर्यंत यायच्या आधी एक मान्य करते. ही गाडी घरात आली ती तुमच्यामुळे. माझी बदली करंजी घाटाच्या पलीकडच्या शाळेवर झाली, एसटीनं गेलं तर परिपाठ बुडायचा आणि येताना अंधार पडायचा. संजय म्हणाला, रजा टाक, बघू. तुम्ही म्हणालात, "जुनी गाडी घिऊ. चालवील ती." आत्याबाई तेव्हा मुक्कामाला होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. "सूनबाई घाट चढवनार व्हय?"

"घाट गाडी चढवती," तुम्ही म्हणालात. "ही नुसती धरून बसनार हाय."

पहिले पंधरा दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसून शाळेपर्यंत आलात, दिवसभर व्हरांड्यात बसून राहिलात आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परत आलात. मुलं तुम्हाला नवीन शिपाई समजायची. घाटात दोनदा गाडी मागे सरकली, मागून ट्रक हॉर्न मारत होता, पण तुम्ही ना हँडब्रेकला हात लावलात, ना आवाज चढवलात. मी त्याबद्दल तुमचे कधी आभार मानले का, ते काल पाना शोधताना आठवून पाहिलं. नाही मानले. त्या पंधरा दिवसांत मी क्लचवर चिडलेली होते आणि नंतर तुमच्यावर.

कारण सोळाव्या दिवशी तुम्ही बॉनेट उघडलंत. "मास्तरीणबाई, चालवती तिनं उघडायला बी शिकायचं." मला शिकायचं नव्हतं. मला वह्या तपासायच्या होत्या. पण तुमच्यापुढे कुणाचं चाललंय? प्लग काढायचे, फडक्यानं पुसायचे, फट मोजायची, परत लावायचे. एअर फिल्टर झटकायचा. बेल्ट उलटा करून भेगा बघायच्या. गाडी गॅरेजला टाकायचं नाव काढलं की तुम्हाला कुणी घरातलं माणूस बाहेर जेवायला निघाल्यासारखं वाटायचं.

आणि तुमच्या पद्धती! काढलेले बोल्ट ठेवायला माझं इडलीपात्र. एका खळग्यात एक बोल्ट, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं. मी केवढी भांडले असेन त्यावरून. नवीन इडलीपात्र आणलं तर तुम्ही तेही नेलंत, कारण त्याचे खळगे खोल होते. मी मोबाईलवर कंपनीचं मॅन्युअल उघडून दाखवलं की किती जोरानं आवळायचं याचा आकडा असतो, तर तुम्ही म्हणालात, "कागद गाडीखाली झोपत न्हाई." प्लग हातानंच सुरू करायचा हा तुमचा सगळ्यात मोठा नियम. फवारणीच्या पंपाच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या शेंडीवर घालायचा आणि नळी दोन बोटांनी फिरवायची. आटे सरळ लागले तर प्लग आपसूक आत उतरतो. वाकडे लागले तर नळी नुसती घसरते, प्लग जागचा हलत नाही आणि नुकसानही होत नाही. पान्यानं सुरुवात केली तर पाना आटे खाऊन टाकतो, मग इंजिनाचं डोकं उतरवा. हे सगळं तुमचं खरं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं, म्हणून जास्त राग यायचा.

एकाच गोष्टीत तुम्ही साफ चुकत होतात आणि ते तुम्ही शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत. वर्षभर इंजिनावर धूळ बसली तरी माझी खरडपट्टी काढणारे तुम्ही दसऱ्याला बॉनेट उघडून, हळदकुंकू वाहून, मूठभर अक्षता थेट इंजिनावर टाकायचात. वरचं प्लॅस्टिकचं झाकण तुम्ही, त्याखाली उंदीर घर करतात म्हणून, कधीच काढून फेकलं होतं. तांदूळ सरळ प्लगच्या विहिरींत. प्लग इंजिनात किती खोल बसतात हे तुम्हीच मला शिकवलंत, त्या खड्ड्यांना विहीर म्हणायला तुम्हीच शिकवलंत, आणि त्याच विहिरींत तुम्ही तांदूळ ओतत होतात. मी म्हटलं, नाना, प्लग काढताना एखादा दाणा आत पडला म्हणजे? तुम्ही हात जोडून उभे. "देवाच्या तांदळानं काय बिघडत न्हाई." गेल्या दसऱ्यालाही हाच वाद झाला आणि अर्धाच राहिला, कारण सोनं द्यायला शेजारी आले.

आता त्या रविवारचं.

दिवाळीच्या आसपास बेल्ट ओरडायला लागला. सकाळी गाडी सुरू केली की चीं करून असा आवाज, की आजूबाजूच्या क्वार्टरांतली माणसं खिडकीत यायची. घाटात एसी लावला की परत तेच. शिवाय चढावर गाडी झटके द्यायची. तुम्हाला सांगितलं तर रविवार गेलाच. म्हणून शाळेतल्या एका सरांनी सांगितलेला उपाय मी केला. बेल्टला साबण चोळला. आंघोळीचा, चंदनाचा. दोन दिवस आवाज बंद. तिसऱ्या दिवशी साबण वितळून पुलीत बसला आणि बेल्ट पहिल्यापेक्षा जास्त घसरायला लागला, जास्त ओरडायला लागला आणि वर चंदनाचा वास यायला लागला.

तुम्ही नाकानंच पकडलंत. "आज गाडी आंघोळ करून आली व्हय?" असं म्हणत बॉनेट उघडलंत. शेजारचे सुभेदार आणि त्यांचे दोन पाहुणे अंगणात उभे होते. तुम्ही बेल्टवर बोट फिरवलंत, बोट नाकाशी नेलंत, आणि त्या तिघांना दाखवून हसलात. "आमच्या मास्तरीणबाई. गाडीला साबन लावत्यात." तेही हसले. मला धरणी दुभंगावी असं झालं. मग तुम्ही दहा-अकराचा पाना घेतलात, वाकलात, आणि पाना बोल्टवर बसेना. एकदा हुकला, दोनदा हुकला, तिसऱ्यांदा हातातून सुटून खडखडत इंजिनात खाली गेला. नंतर तुम्ही तो काढून पेटीत ठेवला असेल, असंच मी धरून चालले.

तुमचा उजवा हात थरथरतो हे मला आधीपासून दिसत होतं. चहाची कपबशी सोडून तुम्ही पेला घ्यायला लागलात, तोही दोन हातांनी, तेव्हाच कळलं होतं. घरात आम्ही कुणी त्यावर बोलत नव्हतो. पण त्या दिवशी, माझ्या साबणाची लाज माझ्या अंगावर होती म्हणून, मी सगळ्यांसमोर म्हणाले, "राहू द्या, नाना. तुमचे हात थरथरतात आता. तुमच्यानं होणार नाही. गाडी गॅरेजला टाकते."

तुम्ही ओरडायला हवं होतंत. मी त्याच्या तयारीत होते. तुम्ही फडक्याला हात पुसलेत, बॉनेट हळूच लावलंत, इतकं हळू की ते नीट बसलंही नाही, आणि "बरं" म्हणून आत गेलात. सुभेदार पाहुण्यांना घेऊन हवापाण्याचं बोलत निघून गेले.

त्यानंतर सव्वा महिना तुम्ही माझ्याशी सगळं बोललात, भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा बोललात, पण गाडीबद्दल एक अक्षर नाही. मला मास्तरीणबाई म्हणणंही बंद. आणि मी? मी गाडी गॅरेजला टाकलीच नाही. वेळच झाला नाही. म्हणजे तुम्हाला करू दिलं नाही ते नाहीच, आणि केलंही नाही. तशीच ओरडत घाट चढत राहिले. थंडी पडली तसे चढावरचे झटके बरेच कमी झाले. मी म्हटलं, थंड हवा मानवली असेल.

आणि मग एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत.

तर काल मी ठरवलं की दोन्ही बेल्ट आणि चारही प्लग मीच बदलायचे. संजय म्हणाला, वेडी आहेस का, गॅरेजवाला दोन तासांत करून देईल. मला माहीत आहे देईल. पण मीच तुम्हाला 'होणार नाही' म्हणाले होते, तर ज्याला मी इतक्या सहज नाही म्हटलं ते काम निदान स्वतःच्या हातांनी करून बघावं, एवढंच डोक्यात होतं. माळीवाड्यातला पार्टवाला म्हणाला, "मॅडम, मेकॅनिकला फोन द्या." म्हटलं, मेकॅनिक मीच. त्यानं हसून चार प्लग आणि दोन बेल्ट दिले आणि त्यातला एसीचा बेल्ट चांगला चार बोटं मोठा निघाला. परत गेले. या वेळी तुम्ही पेटीत जपून ठेवलेला आधीचा जुना बेल्ट नेला आणि तो नव्याला लावून बघा म्हटलं, जो त्यानं आधीच मागायला हवा होता. तुमचं नाव सांगितल्यावर त्यानं खोक्यातून तीन बेल्ट काढून स्वतःच मोजले.

पुढच्या उजव्या बाजूला जॅक लावला, खाली ठोकळे ठेवले, चाक काढलं. नटांना असा गंज की पान्यावर उभी राहिले तेव्हा सुटले. चाकामागचा प्लॅस्टिकचा पत्रा काढला आणि खणकन पायावर काहीतरी पडलं. दहा-अकराचा पाना. त्या रविवारी तुमच्या हातातून सुटलेला. सव्वा महिना आणि वर हे बावीस दिवस तो तिथेच अडकून होता, रोज माझ्याबरोबर घाट चढून शाळेत जात होता आणि परत येत होता. मी तो हातात घेऊन चाकावर बसले. तुम्ही तो काढायचा प्रयत्नच केला नाहीत, की वाकणं होत नव्हतं? विचारता आलं असतं तर विचारलं असतं.

बाहेरचा बेल्ट एसीचा, आतला डायनामोचा. आतला काढायचा तर आधी बाहेरचा काढायचा. पुल्यांच्या खाचांतून माझा साबण ब्रशनं खरवडून काढायला एक तास लागला. डायनामोचे दोन्ही बोल्ट सैल केले, तो आत ढकलला, जुना काढला, नवा चढवला आणि मग दांडक्यानं डायनामो बाहेर ओढून धरून बोल्ट आवळायचा. एका हातानं ओढायचं, दुसऱ्यानं आवळायचं. ओढला की आवळता येत नाही, आवळायला गेलं की ढिला पडतो. दोन बोटांची सालं गेली. बेल्ट किती ताणायचा? तुम्ही अंगठ्यानं मध्यावर दाबून बघायचात आणि म्हणायचात, "हां, इतपत." इतपत म्हणजे किती, नाना? वर्कशॉपात इतकी वर्षं काढलीत आणि एका आकड्यात ते कधी सांगितलं नाहीत. पहिल्यांदा सुरू केली तर नवा बेल्टसुद्धा ओरडला. परत सगळं सैल केलं. दुसऱ्यांदा इतका ताणला की डायनामोच घरघरला. मी चिडून पाना आपटला आणि तुम्हाला मोठ्यानं शिव्या दिल्या. सुभेदारांच्या बायकोनं गॅलरीतून बघितलं आणि ती आत गेली. तिसऱ्यांदा डोळे मिटून तुमचा अंगठा आठवला, नखाजवळ काळी रेघ असलेला, तो बेल्टवर किती खाली जायचा ते. तेवढा ठेवला. गाडी सुरू केली आणि आवाज आला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला भूक लागली होती आणि रडू येत होतं, आणि दोन्हींना वेळ नव्हता, तेवढ्यात दिवस मावळला.

प्लग आज दुपारी घेतले.

पहिल्या विहिरीवरची, प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल काढली. आतला प्लग बाहेर आला तर त्याची चिनीमाती पांढरीशुभ्र. धातूला चकाकी. म्हटलं, चुकून चांगला राहिला असेल. दुसरा काढला, तोही नवा. तिसराही नवा. आपण प्लग तीन वर्षांपूर्वी बदलले होते, मी बॅटरी धरली होती, मला पक्कं आठवतं. आणि तिन्ही विहिरी स्वच्छ. तांदळाचा दाणा नाही, कुंकवाचा ठिपका नाही. कुणीतरी फडकं खोचून पुसून काढल्या होत्या. मग चौथ्याकडे गेले. चौथ्यावरून एअर फिल्टरचा जाड रबरी पाईप जातो, तो बाजूला धरल्याशिवाय खाली काही दिसत नाही. कसाबसा कोपरानं दाबून धरला, मोबाईलची बॅटरी दातांत धरली. कॉइलभोवती दसऱ्याच्या अक्षता तशाच. कुंकू, धूळ आणि तेल मिळून त्यांचा लगदा झालेला. चौथ्याला कुणी हात लावलेला नव्हता.

मी तशीच काळ्या हातांनी आत गेले. आई खाली बसून शेंगा सोलत होत्या.

"आई, नानांनी गाडीचे प्लग कधी बदलले?"

त्यांनी वर बघितलं नाही. "मला इचारू नको. सांगू नको म्हनले हुते."

"आता नाहीत ना ते, आई."

त्यांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली आणि मग बोलल्या. "रविवारी दुपारी तू वह्या तपासता तपासता झोपायचीस. तवा जायचे भाईर. एका रविवारी एकच. एका प्लगाला सारी दुपार लागायची त्यांना. घामानं भिजून यायचे. मी म्हनलं, कशाला जीव काढता, सूनबाईला हाक मारा की. तर म्हनले, नको. तिला माजे हात दिसत्यात."

मी दाराला टेकले.

"तीन झाले. चौथ्या रविवारी गेले तसे माघारी आले. म्हनले, त्यो पायपाखाली हाय, तिथं एकल्याचं काम न्हाई, एकानं पाईप धराया पायजे. आता तिला सांगावंच लागंल. सांगितलं न्हाई व्हय तुला?"

"नाही. कधीच नाही बोलले."

"आल्ते की, सैपाकघराच्या दारात. मी हितंच तर बसले हुते."

मग आठवलं, नाना. तुम्ही जायच्या सहा दिवस आधीचा रविवार. मी ओट्याला टेकून मोबाईलवर शाळेची माहिती भरत होते. नेट जात होतं, येत होतं, तिसऱ्यांदा सगळं पुसलं गेलं होतं. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. "मास्तरीणबाई," म्हणालात. सव्वा महिन्यात पहिल्यांदा. आणि मला ते ऐकूही आलं नाही, म्हणजे कानानं आलं, पण कळलं नाही. मी मान वर न करता म्हटलं, "काय?"

तुम्ही विचारलंत, "उद्या शाळा किती वाजता?"

"नेहमीचीच, नाना. मला जरा हे भरू द्या ना."

"बरं."

सहा वर्षं माझी शाळा किती वाजता असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. गाडी कधी बाहेर काढायची ते तुम्हीच ठरवून दिलं होतंत. त्या माणसानं असं का विचारावं, हा प्रश्न मला पडला नाही. मी ती माहिती भरली. ती तरी गेली की नाही कोण जाणे.

आईंनी टीव्हीखालच्या खणातून वर्तमानपत्राची एक पुडी काढून दिली. तीन काळे जुने प्लग, एक खोक्यातला कोरा, आणि नळीचा वीतभर तुकडा. मी दशक्रियेला रडले नव्हते. चार पाहुणे तसं बोललेही. आज स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडले. आई पुन्हा बसून शेंगा सोलत राहिल्या.

ते वाक्य मी परत घेते, नाना. सगळं नाही घेता येणार. तुमचे हात थरथरत होते, ते खरंच होतं, आणि एका प्लगाला एक दुपार लागत होती तेही खरं. पण 'तुमच्यानं होणार नाही' हे खोटं होतं. तीन तर तुम्ही एकट्यानं केलेत आणि एकाचाही आटा चुकला नाही, मी फिरवून बघितले. माझ्या साबणाची लाज मी तुमच्या हातांवर काढली. आणि तुमचंही चुकलं. तुम्ही फिटर होतात, पुढारी नव्हतात. शाळेची वेळ कशाला विचारत बसायचं? "ये, पाईप धर," म्हणायचं. मी चडफडत आले असते, पण आले असते.

मी डोळे पुसून बाहेर गेले. चौथा एकटीनं करून बघितला. पाईप कोपरानं दाबला की बॅटरी हलते, बॅटरी सावरली की पाईप परत येतो, आणि त्यात कॉइलचा बोल्ट दोनदा निसटला. शेवटी मी दारातून हाक मारली, "आई, जरा येता का बाहेर? धरायला पाहिजे."

आईंना पायऱ्या उतरायला वेळ लागतो. गुडघ्यावर हात ठेवून एकेक उतरल्या, पदर खोचला आणि मी दाखवलं तसा एका हातानं पाईप बाजूला ओढून धरला, दुसऱ्या हातात बॅटरी. मी चेंडूत हवा भरायच्या पंपानं विहिरीतले तांदूळ उडवले. दोन दाणे त्यांच्या कपाळावर जाऊन चिकटले. काळा प्लग बाहेर आला. तुमचा नवा प्लग नळीला लावून आत सोडला आणि दोन बोटांनी फिरवला. आटे पहिल्याच फेऱ्यात लागले. तो उतरत गेला, टेकला, मग प्लग पान्यानं वर अर्धा फेरा दिला. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत.

आई अजून पाईप धरून वाकून उभ्या होत्या. "झालं?"

"झालं. सोडा आता."

त्यांनी पाईप सोडला, हाताला लागलेली काजळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"एवढंच हुतं व्हय?"

हो, नाना. एवढंच होतं.